बॉयलर एकटाच हाय

समारंभ कसलाही असो, सव्वीस जानेवारीचा, खंडेनवमीचा, नाहीतर कुणा साहेबाच्या बदलीचा, शेवटी एकजण उठून माइक हातात घ्यायचा आणि ‘आता आपणां सर्वांचे आभार मानण्याचं गोड काम माझ्यावर सोपवण्यात आलं आहे’ असं म्हणायचा. तो ‘गोड’पर्यंत पोचला, की मागच्या रांगेतून लोखंडी खुर्ची फरशीवर सरकल्याचा कर्कश आवाज यायचा. तात्या शेलार उठलेले असायचे. खाकी पँट झटकत, रांगेतल्या सगळ्यांचे गुडघे तुडवत ते दाराकडे निघायचे, आणि कुणी ‘तात्या, बसा की, संपतच आलंय,’ म्हटलं, की त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं.

“बॉयलर एकटाच हाय.”

बॉयलर कधी एकटा नसायचा. त्याच्यापाशी कायम दोन मदतनीस असायचे आणि समारंभाच्या दिवशी तर त्याची आगही बहुतेक विझवलेली असायची. हे मॅनेजरला ठाऊक होतं, मदतनिसांना होतं, आणि गेटवरच्या टाइम ऑफिसात बसून सगळ्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा टिपणाऱ्या मलाही होतं. पण तात्यांना थांबवण्याची हिंमत कुणाला झाली नाही. त्यांची जीभ माहीत असलेला माणूस मुकाट्याने गुडघे बाजूला घ्यायचा.

आमची कंपनी रबराचे पट्टे बनवायची. चीनची लढाई झाली त्या सुमाराला पिंपरीच्या माळावर ती उभी राहिली आणि तात्या पहिल्या दिवसापासून तिच्या बॉयलरवर होते. चाकणकडच्या एका खेड्यातला हा माणूस, शिक्षण बेताचं, अंगाने काटक, भुवया कोळशाच्या धगीने कायमच्या जळालेल्या. त्यामुळे चेहऱ्यावर नेहमी एक प्रकारचं आश्चर्य दिसायचं. प्रत्यक्षात या माणसाला जगात कशाचंही आश्चर्य वाटत नसे. त्यांना सगळ्यांचा तिटकारा होता, आणि तो ते सारखा वाटून द्यायचे. मॅनेजरला ते जावई म्हणत, कारण तो यायचा, खायचा आणि खोड्या काढून जायचा. पाहुणा आला की हार घेऊन सगळ्यांत पुढे धावणारा पर्सोनेल ऑफिसर त्यांचा हारवाला. मी कारकुंडा. माझं खरं नाव त्यांना माहीत होतं की नाही याची मला आजही शंका आहे.

बॉयलरबरोबर तात्यांकडे भोंगा होता. बॉयलर-हाउसच्या भिंतीवर एक साखळी लोंबायची, तिला लाकडी मूठ. ती ओढली की छपरावरच्या पितळी तोंडातून वाफ सुटायची आणि नदीपलीकडच्या काळेवाडीपासून रहाटणीपर्यंत, वारा बरा असेल तर पार चिखलीपर्यंत, लोकांना सात वाजल्याचं कळायचं. त्या भोंग्यावर आमच्याकडची चूल पेटायची, पोरं शाळेला निघायची, नळावरची भांडणं सुरू व्हायची. आमच्या घरात बरीच वर्षं घड्याळ नव्हतं आणि कुणाचं काही अडलं नाही. पासष्ट आणि एकाहत्तरच्या लढायांत तोच भोंगा तुटक तुटक वाजला की दिवे मालवायचे, असं सरकारने शिकवलं होतं. बाकी दिवशी सलग अर्धा मिनिट. भोंगा थांबला की वॉचमन गेट ओढून घ्यायचा आणि बाहेर राहिलेल्याचा अर्धा दिवस गेला.

तात्यांचा अर्धा मिनिट मात्र रबरासारखा ताणला जायचा. बॉयलर-हाउसच्या उंच खिडकीतून नदीच्या पुलापर्यंतचा रस्ता दिसे. साखळी ओढून धरायची, खिडकीतून नजर लावायची, आणि सायकलवर उभं राहून पॅडल मारत येणारा शेवटचा माणूस गेटच्या आत शिरेपर्यंत ती सोडायची नाही, ही तात्यांची पद्धत. तोंडाने अर्थात शिव्या चालू, त्या मदतनीस नंतर मला सांगायचे. “आला बघ, आला म्हसोबा! रातभर काय डोळं मिटलं न्हाई व्हय रं? हाण की पॅडल, तुझ्या बापाची वाफ जळतीय हितं!” त्या माणसाला यातलं अक्षरही ऐकू जात नसे. भोंग्यात ते ऐकू जाणं शक्यच नव्हतं. पण गेटच्या खिडकीत बसून मला दोन्ही टोकं दिसायची, रस्त्यावरचा धापा टाकणारा आणि वर खिडकीत हातवारे करणारी तात्यांची आकृती.

एकदा रहाटणीच्या एका फिटरला हे कुणीतरी सांगितलं. बिचाऱ्याची आई आजारी होती, महिनाभर तो रोज शेवटचा पोचत होता आणि रोज गेटात शिरत होता. तो पेढ्यांचा पुडा घेऊन बॉयलर-हाउसात गेला, वाकून पाया पडला, डोळ्यांत पाणी वगैरे. तात्यांनी पुडा घेतला, मदतनिसांना वाटला आणि स्वतः एक तोंडात टाकला. दुसऱ्या दिवशी तो पुलावर असतानाच भोंगा तुटला. गेटाबाहेर सायकल धरून तो उभा राहिला, तोंडावर एवढा गोंधळ की मलाच वाईट वाटलं. संध्याकाळी मी तात्यांना विचारलं.

“तात्या, असं का केलंत? त्याची आई अजून आजारी आहे.”

“मंग पेढं कशाला आणलं?” तात्या म्हणाले. “कारकुंड्या, मानसं आभार मानत्यात ती फिटावं म्हनून. ह्यानं मला पेढं दिलं, पाया पडला, जालं. फिटलं त्याचं. आता त्याचं माझं काय र्‍हायलं सांग? न मानता गप आला असता, तर मी जलमभर साखळी धरली असती.”

आठवडाभर त्या फिटरचा रोज अर्धा दिवस जात राहिला, मग पुन्हा भोंगा लांबायला लागला. त्याने पुन्हा पेढे आणले नाहीत.

देशाच्या बाबतीतही तात्यांचा असाच तिरका हिशेब होता. पंधरा ऑगस्टला कंपनी प्रत्येकाला फरसाणाचा पुडा आणि काडीला चिकटवलेला कागदी झेंडा द्यायची. मॅनेजर भाषण करायचा, हारवाला टाळ्यांना सुरुवात करून द्यायचा, ‘जय हिंद’चे आवाज असे निघायचे की छपराचे पत्रे हलावेत. फरसाण संपेपर्यंत झेंडे हातात असायचे. गेटाबाहेर पडेपर्यंत अर्धे खाली. मग त्या चिखलात, सायकलींच्या चाकांत, तात्या शेलार वाकून वाकून झेंडे गोळा करताना दिसायचे आणि एकेक उचलताना आवाज चढत जायचा. “आरडत व्हता नव्हं आत्ता? घसा फाटला व्हता नव्हं? मंग हाताला काय लकवा भरला?” एवढ्या लोकांतून एकालाही लाज वाटून दोन झेंडे उचलावेसे वाटले नाहीत. मीही कधी उचलले नाहीत. टाइम ऑफिसचं कुलूप लावायचं असायचं. ते झेंडे तात्या बॉयलर-हाउसात नेऊन, चिखल पुसून, खिडकीच्या चौकटीत खोचून ठेवायचे. वाफेने वर्षभरात त्यांचा रंग उडायचा, मग पुढच्या पंधरा ऑगस्टला नवे.

तात्यांचा सगळ्यांत आवडता शत्रू देवराम ओव्हाळ. देवराम काळेवाडीचा, टर्नर म्हणून लागलेला आणि आमच्या युनियनचा सेक्रेटरी. माणूस सालस, पांढरा सदरा कायम इस्त्रीचा, आणि आभारप्रदर्शन ही त्याची जन्माची आवड. कंपनीचा कार्यक्रम असो की युनियनचा, की वस्तीतल्या बुद्धविहाराचा, शेवटी देवराम उठणारच. अध्यक्षांपासून सुरुवात करून तो मांडववाला, माइकवाला, सतरंज्या अंथरणारे, वीज न घालवल्याबद्दल वीजमंडळ, सगळ्यांचे नावानिशी आभार मानायचा. कुणी राहून गेलं तर घरी जाऊन मानून यायचा. म्हणायचा, “ज्या मानसाकडं कुनी कधी बघितलं न्हाई, त्याचं नाव एकदा माइकवरून निघालं तर काय बिघडतं राव?” यात तथ्य होतं. पण तात्यांना तथ्याशी देणंघेणं नव्हतं.

“ह्यो देवराम सरनावर ठिवला ना,” ते सगळ्यांदेखत म्हणायचे, “तरी उठून लाकडं देनाऱ्याचं आभार मानंल.”

“आन तू त्या वक्ताला उठून जाशील,” देवराम हसून म्हणायचा. “बॉयलर एकटाच हाय म्हनून.”

मग आणीबाणी आली. आमच्याकडे ती एका रात्रीत आली नाही, हळूहळू भिंतीवर चढत गेली. आधी शिस्तीच्या पाट्या लागल्या. मग ‘केस’ आणल्याशिवाय बढती नाही असं तोंडी सांगण्यात आलं. केस म्हणजे नसबंदीला तयार झालेला माणूस. आमच्या हिंदी-मराठी-इंग्रजीच्या खिचडीत हा शब्द इतका सहज मिसळला की त्याची कुणाला शिसारी येईना. युनियनने गेटवर सभा घेतली. दुसऱ्या दिवशी देवरामला घरातून उचललं. पोलिसांना घर दाखवायला कंपनीची जीप गेली होती आणि तिच्यात पुढे हारवाला बसला होता. हे काळेवाडीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. बोललं कुणीच नाही. इतके दिवस लढ्याची भाषणं ऐकून ज्यांचे हात वर जायचे, ते आता माझ्या खिडकीसमोरून मान खाली घालून कार्ड पंच करत होते.

मॅनेजरला तर अंगात वारं शिरल्यासारखं झालं होतं. त्याने भोंग्याचा नवा नियम काढला. भोंगा बरोबर अर्धा मिनिट, आणि तो थांबल्यावर आत शिरणाऱ्याला अर्धा दिवस नव्हे, सरळ घरी. तात्यांवर विश्वास नसल्यामुळे एक घड्याळवाला शिपाई त्यांच्या शेजारी उभा करण्यात आला. त्याने हात वर केला की साखळी सोडायची. पुलावरून येणारी माणसं तात्यांना दिसत असायची आणि साखळी सुटलेली असायची. त्या दीड-दोन वर्षांत तात्यांनी शिव्या देणं बंद केलं. मला ते फार भीतिदायक वाटायचं.

त्याच काळात सरकारच्या कार्यक्रमाला पाठिंबा देण्यासाठी कंपनीत सभा झाली. आभार मानायला देवराम नव्हता, हारवाला उभा राहिला. देशाला शिस्त लावल्याबद्दल त्याने थेट दिल्लीपासून आभार मानायला सुरुवात केली. तेवढ्यात मागच्या रांगेत खुर्ची सरकली. तात्या उठले, गुडघे तुडवत दारापर्यंत गेले. या वेळी कुणी ‘बसा की’ म्हटलं नाही, म्हणून त्यांनी दारात वळून स्वतःच सांगितलं, “बॉयलर एकटाच हाय.” दुसऱ्या दिवशी मॅनेजरने बोलावून विचारलं, ही राजकीय कृती आहे का? तात्या म्हणाले, “साहेब, मी पंधरा वरीस उठतोय. आधी कुनाचं सरकार व्हतं त्ये बघा की.” मॅनेजरने माझ्याकडे चौकशी केली. मी सांगितलं, खरं आहे, ते नेहमीच उठतात.

देवरामच्या घरी मात्र तात्या दर रविवारी जायचे. त्याची बायको शांताबाई दोन पोरांना घेऊन कशीबशी दिवस काढत होती. तात्या दारातूनच सुरू व्हायचे, “तुझा नवरा येरवड्यात जेलरचं आभार मानत असंल बघ, बेडीवाल्याचं मानत असंल.” शांताबाई हसायची, रडायची. बोलता बोलता तात्या आठवड्याची लाकडं फोडून ठेवायचे आणि ती चहा टाकेपर्यंत निघून जायचे, म्हणजे आभार मानायला ते तिला सापडूच नयेत.

निवडणूक जाहीर झाली तेव्हा तात्यांचं मत स्पष्ट होतं. “ही भित्री जात. ही शिक्का मारनार? ह्यांना शिक्का दाखवा, सलाम ठोकतील.” माझंही तेच मत होतं. मतदानाच्या दिवशी नगरपालिकेच्या शाळेपुढे रांगा लागल्या. कुणी घोषणा देत नव्हतं, कुणी कुणाशी बोलत नव्हतं. रहाटणीच्या म्हाताऱ्या नऊवारीचा पदर दातांत धरून उभ्या, काळेवाडीच्या बाया कडेवर पोरं घेऊन. शांताबाई होती. माझ्या पुढे तात्या होते, बोटाला शाई लावणाऱ्या पोराला त्यांनी “नीट लाव, भीत भीत काय लावतोस?” म्हणून झापलं. त्या शांत रांगेला मी भित्र्यांची रांग समजलो होतो.

निकाल कळले तेव्हा मी सकाळच्या पाळीला गेटवर होतो. रेडिओवरची बातमी मी तीनदा ऐकली तरी खरी वाटेना. आपल्या देशाबद्दल अभिमान वगैरे शब्द मी तोवर फक्त निबंधात लिहिले होते. त्या दिवशी तो छातीत दुखल्यासारखा जाणवला. त्या नऊवारीवाल्या म्हाताऱ्या, त्या कडेवरच्या पोरांच्या आया, त्यांनी एका शब्दाने न बोलता ते करून टाकलं होतं. कुणाच्या तरी पाया पडावं असं वाटत होतं आणि कुणाच्या ते कळत नव्हतं.

दुपारपर्यंत हा भाव नासवण्याचं काम आमच्या मंडळींनी पूर्ण केलं. मॅनेजरने पेढे वाटले आणि लोकशाही किती खोल रुजली आहे हे मला खिडकीतून समजावून सांगितलं. शिस्तीच्या पाट्या त्यानेच उतरवल्या. कालपर्यंत मान खाली घालणारे आज आपण आतून कसे विरोधात होतो ते एकमेकांना सांगत होते. आतून विरोध करणाऱ्यांची एवढी गर्दी झाली की बाहेरून भ्यायलं कोण होतं असा प्रश्न पडावा. चौकाचौकांत फलक लागले, ‘सुज्ञ मतदारांचे जाहीर आभार’. तसल्याच एका फलकासमोर मला तात्या भेटले.

“तुमचं चुकलं तात्या,” मी म्हणालो. “माणसं भित्री नव्हती.”

“चुकलं,” तात्या म्हणाले. हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा आणि शेवटचा ऐकला. त्यांनी फलकाकडे बघितलं. डोळे ओले होते असं मला वाटलं, पण जळक्या भुवयांमुळे नक्की सांगता येत नसे. मग एकदम उसळले. “पर हे आभार कुनाचं मानत्यात रं? आपलंच घर, आपनच झाडलं. झाडनाऱ्याचं आभार परक्यानं मानायचं. हे काय परकं हायती? आँ? बघ तू, आभार मानून मोकळं व्हनार हे.”

देवराम त्याच आठवड्यात सुटून आला. इस्त्रीचा सदरा अंगावर लोंबत होता, एका पायाने लंगडत होता आणि दोन शब्दांनंतर खोकला यायचा. त्याची नोकरी हा प्रश्न होता. मॅनेजर कात्रीत सापडला. घ्यावं तर नियम मोडतो, न घ्यावं तर नवं सरकार काय म्हणेल कुणास ठाऊक. शेवटी त्याने चतुराई केली. युनियनला सांगितलं, सोमवारी पहिल्या शिफ्टला भोंग्याच्या आत देवराम गेटात आला, तर तो कामावर. नाही आला, तर त्याला रस नाही असं समजून प्रकरण बंद. सगळ्यांना जो नियम तोच त्याला. यात अन्याय कुठे आहे ते दाखवता येत नव्हतं आणि अन्याय आहे हे सगळ्यांना समजत होतं. शांताबाईने त्याला सोमवारी उजाडायच्या आतच घराबाहेर काढलं. लंगडत गेला तरी अर्ध्या तासाचा रस्ता, वेळेची काही अडचण नव्हती.

अडचण झाली ती कृतज्ञतेची.

काळेवाडीच्या कोपऱ्यावर चहावाल्याने त्याला अडवून हार घातला. देवरामने त्याचे आभार मानले. पुढे बायकांनी ओवाळलं. प्रत्येकीचं नाव घेऊन आभार. मग गुलाल घेऊन तरुण मंडळ. मग विहिरीपाशी एका पुढाऱ्याने त्याला खोक्यावर चढवून सत्कार केला. खोकल्याच्या उबळी आवरत देवरामने तिथे रीतसर आभारप्रदर्शन केलं, अध्यक्षांपासून खोकेवाल्यापर्यंत. सगळ्यांना ठाऊक होतं की त्याला सातच्या आत पोचायचंय. पण आपला एक हार घातल्याने काय उशीर होणार, असं ज्याला त्याला वाटलं, आणि देवरामला तर आभार न मानता पुढे पाऊल टाकणं जन्मात जमलेलं नव्हतं. सगळ्यांत कहर म्हणजे पुलाच्या कंपनीकडच्या टोकाला हार घेऊन हारवाला उभा होता. त्याचा हार सगळ्यांत मोठा होता. आणि त्याच्या शेजारी तो घड्याळवाला शिपाई, हातात पेढ्यांचा पुडा.

गेटच्या खिडकीतून मला एवढंच दिसलं की पुलापलीकडे गुलाल उडतोय आणि माझ्यामागच्या भिंतीवर सात वाजतायत. मॅनेजर हात मागे बांधून गेटात उभा होता. भोंगा सुरू झाला. नेहमीचे लोक धावत आत शिरले. अर्धा मिनिट झाला असेल. वॉचमनने गेटला हात घातला.

भोंगा थांबला नाही.

वॉचमनने मॅनेजरकडे बघितलं, मॅनेजरने बॉयलर-हाउसकडे. खिडकीत, रंग उडालेल्या झेंड्यांच्या मधोमध, तात्यांची आकृती होती आणि त्यांचा मोकळा हात हवेत काहीतरी फेकून मारत होता. मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं, पण दोन वर्षांच्या तुंबलेल्या शिव्या आज बाहेर पडतायत हे मला कळलं.

तिकडे पुलावर गर्दी थबकली. एवढा लांब भोंगा कुणी ऐकला नव्हता. नंतर समजलं, काळेवाडीत बायकांनी लढाई लागली म्हणून चुली विझवल्या, रहाटणीत कुणीतरी कंपनीत स्फोट झाल्याचं सांगितलं. पण देवरामला बरोबर समजलं. तो वीस पावलं पुढे आला, गळ्यातले हार काढून त्याने शिपायाच्या हातात दिले, आणि आयुष्यात पहिल्यांदा, हारवाल्याचे आभार न मानता, हारवाल्याच्या पुढून निघाला.

पळणं त्याला शक्य नव्हतं. पाय ओढत, थांबत, खोकत तो येत होता आणि भोंगा चालू होता. मग भोंग्याचा आवाज उतरायला लागला. बॉयलरची वाफ संपत होती. मोठ्या माणसाचा आवाज म्हाताऱ्याचा व्हावा तसा तो भोंगा घोगरा झाला, थरथरला. पट्ट्यांच्या खात्यातला सुपरवायझर ओरडत आला, की वाफ नाही, पहिला माल कच्चा राहणार. मॅनेजरने वॉचमनला काही सांगितलं नाही. नियम त्याचाच होता, भोंगा चालू असेतोवर गेट उघडं. तात्यांच्या हातातली मूठ सुटली असती तर संपलं होतं. शेवटी तर तो भोंगा नव्हताच, नुसती शीळ होती, पण होती. तेवढ्यात देवरामचा ओढता पाय गेटाच्या आत आला आणि त्याने माझ्या खिडकीवर हात टेकला. मी त्याच्या कार्डावर सात मारले.

मॅनेजरने तात्यांना बोलावून घेतलं. तात्या म्हणाले, “साखळी आडकली, साहेब.” महिन्यापूर्वीचा मॅनेजर असता तर तात्या त्याच दुपारी रस्त्यावर आले असते. पण आता दिल्लीत कुणाची ओळख कुणाशी निघेल याचा भरवसा नव्हता, म्हणून मॅनेजर फक्त एवढंच म्हणाला, की साखळीला तेल देत जा.

जेवणाच्या सुट्टीत देवराम बॉयलर-हाउसात गेला. मीही मागोमाग गेलो, मला राहवेना. देवरामने सदरा नीट केला, खाकरून घसा साफ केला. पुढे काय येणार हे तात्यांनी ओळखलं असणारच. तात्यांनी फावडं जमिनीवर आपटलं.

“खबरदार देवराम! येक शबूद जरी काडलास, तर उद्या पुलावं असतानाच तोडीन.”

देवराम तसाच तोंड उघडं ठेवून उभा राहिला. मग तो कोळशाच्या ढिगावर बसला, त्याने डबा उघडला आणि अर्धी भाकरी तात्यांपुढे धरली. तात्यांनी घेतली. दोघं जेवले.

पुढचं काय सांगायचं! तात्या म्हणाले होते तसंच झालं. आभार मानणारे आभार मानून मोकळे झाले, आपसात भांडले, आणि तीन वर्षांत पुन्हा फलक लागले. तेच चौक, तोच रंगारी, तेच ‘सुज्ञ मतदारांचे जाहीर आभार’. फक्त खालची नावं वेगळी. मॅनेजरने पुन्हा पेढे वाटले. मला वाटलं तात्या आता मतदारांना सोलून काढतील. मी तसं काहीतरी कडवट बोललोही. त्यांनी मलाच झापलं. “घर काय येकदाच झाडायचं असतं व्हय रं? ज्यांनी झाडलं त्यांना पुन्यांदा झाडता येतं. तू तुझी कारकुंडी कर.”

त्यानंतर काही वर्षांनी तात्या निवृत्त झाले. कंपनीने त्याच वर्षी छपरावर विजेचा भोंगा बसवला, घड्याळाला जोडलेला. निरोपसमारंभात मॅनेजर बोलला, हारवाल्याने हार घातला, आणि शेवटी आभार मानायला देवराम उठला. तात्या त्या दिवशी व्यासपीठावर होते, गळ्यात हार, मांडीवर नारळ. देवरामने माइक हातात घेताच त्यांची खुर्ची सरकली.

“बॉयलर एकटाच हाय,” तात्या म्हणाले. सगळे हसले.

“बस तात्या,” देवराम माइकवर म्हणाला. “मी तुझं आभार मानत न्हाई. कधीच माननार न्हाई.” आणि तो खाली बसला.

सभागृहात बराच वेळ कुणाला कळेना की कार्यक्रम संपला की नाही. तात्या उभेच होते. मग ते हळूच खुर्चीत बसले आणि नारळाच्या शेंडीकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी मला घरूनच निघायला उशीर झाला. पुलावर सायकल घातली तेव्हा विजेचा भोंगा वाजू लागला होता, पातळ, कोरडा, अर्ध्या मिनिटाने जागच्या जागी थांबणारा. पुलाच्या टोकाला, रस्त्याच्या कडेला, बनियनवर आणि अनवाणी तात्या शेलार उभे होते. माझ्या पुढे-मागे दहा-बारा सायकली होत्या आणि तात्या दोन्ही हात हवेत फेकत ओरडत होते.

“पळा रं, भडव्यांनो, पळा! आता तितं कुनी न्हाई तुमचं!”

भोंग्याच्या वेळच्या त्यांच्या शिव्या मला त्या दिवशी पहिल्यांदा स्पष्ट ऐकू आल्या. मी पॅडलवर उभा राहिलो आणि मागे न बघता सायकल हाणली.